डबीवरची आजी

आई अठ्ठावन्न वर्षांची होती आणि एका दुपारी, उभ्या उभ्या, एकाहत्तर वर्षांची झाली. तिला ना कुठला आजार झाला होता, ना कुणी गेलं होतं. निमित्त झालं ते एका गिऱ्हाइकाचं.

लेकीनं तेव्हा क्रीमचा धंदा नुकता सुरू केला होता. घराच्या मागच्या दोन खोल्या रिकाम्या करून तिथं स्टीलची पातेली, वजनकाटा, थर्मामीटर आणि एक भलामोठा मिक्सर मांडला होता. सगळं झाडांचं, रसायन औषधालाही नाही, असं लेक येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. कोरफडीची पानं कापून उभी ठेवायची, त्यातला पिवळा चीक निथळून जाऊ द्यायचा, मग गर खरवडायचा, हे काम आईचं. ज्येष्ठमधाचा काढा गाळणं, गुलाबपाणी मोजून ओतणं, डब्या पुसणं, झाकणं घट्ट करणं, हेही आईचंच. क्रीममध्ये खरा भाव खाऊन जायचं ते गाजराच्या बियांचं तेल. त्यानं म्हणे सुरकुत्या लांबणीवर पडतात. इतरांच्या पडत असतीलही. आईच्या अंगावर मात्र त्या तेलाचा थेंब पडला की दोन दिवसांत लाल पुरळ उठायचं. म्हणून ती कोपरापर्यंत हातमोजे घालायची आणि तोंड साध्या पाण्यानं धुवायची. लेकीनं सुरुवातीला हट्ट केला, निदान वासासाठी तरी थोडं लाव म्हणाली. पुरळ बघितल्यावर तिनं तो विषय कायमचा सोडला.

तर त्या दुपारी आठवडी बाजाराच्या हॉलमध्ये यांचं टेबल लागलं होतं. सकाळपासून लोक डबी उघडत, वास घेत, झाकण लावून पुढं जात. शेवटी एक ठेंगणीशी बाई थांबली आणि नाक मुरडून म्हणाली, असल्या झाडपाल्यानं खरंच काही होतं का. लेक दिवसभर उभी राहून वैतागली होती. तिनं आईचा दंड धरून तिला पुढं ओढलं आणि विचारलं, "ही माझी आई. वय ओळखा."

"साठ असेल," बाई म्हणाली.

"एकाहत्तर," लेक म्हणाली.

बाईनं तोंडात बोटच घातलं. मग पुढं होऊन तिनं आईची हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडं वळवलं, एका गालावरून बोट फिरवलं, दुसऱ्या गालावरून फिरवलं, आणि चार डब्या घेऊन गेली.

आईनं तिथंच बोलायला हवं होतं. ती अठ्ठावन्नची होती आणि अठ्ठावन्नचीच दिसायची. यात कसलंच नवल नव्हतं. पण ती गप्प बसली, आणि का बसली ते सांगितल्याशिवाय पुढं जाणं बरोबर नाही. तिच्या तोंडाकडं आजवर कुणी असं बघितलंच नव्हतं. नवरा होता तोवर तो ताटाकडं बघायचा, नाहीतर पेपराकडं. नोकरी केली ती शिवणकामाच्या दुकानात. तिथं आरसा भिंतभर होता, पण त्यात गिऱ्हाईक स्वतःला बघतं, खाली गुडघ्यांवर बसून टाचण्या लावणाऱ्या बाईला नाही. आणि आता एक परकी बाई तिचा चेहरा हातात धरून, पेढीवर दागिना बघावा तशी बघत होती. तेरा वर्षं फुकट जास्तीची पदरात पडली, पण त्याबरोबर ती नजरही पडली. आईला ती आवडली. माणूस आहे, आवडणारच.

घरी येताना लेक हसत होती आणि आईही हसली. लेकीला चुकल्यासारखं वाटलं असेलही, पण तसं ती म्हणाली नाही. जावयांनी ऐकलं आणि त्यांच्या डोक्यात लगेच चक्रं फिरू लागली. जावई फोटो काढायचे. लग्नातले, पासपोर्टचे, जमिनीवर पडलेल्या बाळांचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला खिडकीशी बसवलं, खांद्यावर राखाडी शाल टाकली, केसांना रंग लावायचा बंद करायला सांगितलं आणि फोटो काढला. फोटो खरोखर सुरेख आला. आई किंचित हसते आहे, डोळ्यांच्या कडांना बारीक रेघा आहेत, आणि खाली लिहिलं आहे: वय एकाहत्तर.

तिथून पुढं मात्र सगळं शिस्तीत झालं. केसांवरचा रंग गेला. आईची सायकल होती, ती तिच्यावरून भाजी आणायची, दळण आणायची. ती सायकल लेकीनं जिन्याखाली ढकलून वर चादर टाकली. आई म्हणाली, अगं, सत्तरीची बाई सायकल चालवते म्हटलं तर लोक आणखीच खूश होतील. त्यावर लेक म्हणाली, "आई, क्रीम तोंडाला लावतात, गुडघ्याला नाही. गुडघे म्हातारेच असले पाहिजेत, नाहीतर लोकांना शंका येते." जावयांनी मुठीवर पोपट कोरलेली काठी आणून दिली. लोकांसमोर फोन बघायचा नाही, जिना एका दमात चढायचा नाही, खुर्चीतून उठताना जरा थांबून उठायचं. हळूहळू हे अंगवळणी पडलं आणि मग एक दिवस घरात कुणी नसतानाही आई खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठली. मग ती परत बसली आणि हात न टेकता पुन्हा उठली.

बाजारात सगळे तिला आजी म्हणू लागले. लेकीला मूलबाळ नव्हतं. नातवंडं नसताना आईचं आजीपण असं परस्पर होऊन गेलं.

गाजराच्या बिया, डाळिंबाचे दाणे, जवस, हे सगळं पिळून मिळायचं ते मागच्या गल्लीतल्या घाण्यावर. घाणा म्हणायचा इतकंच, होती ती गुडघाभर उंचीची विजेची यंत्रं. एका तोंडानं बिया खात आणि दुसऱ्या तोंडानं संथपणे तेल गाळत. ती चालवणारे गृहस्थ बासष्ट वर्षांचे होते. त्यांना सगळे तेलवाले म्हणत. बायको तीन वर्षांपूर्वी गेली होती. माणूस नीटनेटका, शर्टाच्या बाह्या सारख्या दुमडलेल्या, खांद्यावर एक स्वच्छ फडका. दर गुरुवारी आई डबा घेऊन त्यांच्याकडं जायची.

दुकानाला तीन पायऱ्या होत्या. आई आली की तेलवाले हातातलं काम टाकून बाहेर येत आणि तिचा कोपर धरून तिला वर घेत. पाठ असलेली एकुलती एक खुर्ची त्यांनी तिच्यासाठी ठेवली होती. तेल गळेपर्यंत ते तिला थर्मासातला चहा देत आणि बोलत बसत. त्या कोपरावरच्या हातासाठी आई गुरुवारची वाट बघायची. ते हात धरतात ते आपण पडू नये म्हणून, हे तिला कळत होतं. वेगळ्या कारणानं धरावा असं वाटत होतं, हेही कळत होतं. पण जो हात मिळत होता तो तिनं कधी झिडकारला नाही.

तेलवाले तिच्याशी मोकळेपणानं बोलायचे. बायकोच्या शेवटच्या महिन्यात आपल्याला तिच्या खोलीत जायची भीती वाटायची, बाहेर उभं राहून आपण औषधाच्या बाटल्या उगाच पुसत बसायचो, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं; आईला सांगितलं. सांगून झाल्यावर बरं वाटलं म्हणाले, थोरल्या माणसापाशी मन हलकं होतं. आपल्याला अहोजाहो करू नका, सरळ अरे म्हणा, असाही त्यांचा आग्रह असायचा. आईनं ते कधी केलं नाही. त्यांना ती तिची रीतभात वाटली. आईला मात्र अरे म्हटलं की उरलीसुरली वाटही बंद होईल अशी भीती होती.

अशी दोन वर्षं गेली. पोस्टरवरचा आकडा वाढत वाढत त्र्याहत्तर झाला. आई साठीची झाली, त्या दिवशी घरात कुणालाच आठवण राहिली नाही, कारण मोजणी दुसरीच चालू होती.

मग एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या.

पहिली बाजारात. एक उंच, वाकलेली बाई टेबलाशी आली. तिनं काही विकत घ्यायचं नाव काढलं नाही. ती पोस्टरकडं बघत राहिली आणि मग आईकडं. आपण दीड वर्ष हे क्रीम लावतो आहोत, असं तिनं सांगितलं. रोज दोन वेळा, मानेपासून वर, डबीवर लिहिलंय तसं. ती आरशाशेजारी हा फोटो लावून ठेवायची. ती आईच्या जवळ आली आणि तिनं हलकेच तिच्या गालाला हात लावला.

"मीपण त्र्याहत्तरचीच आहे," ती म्हणाली. "माझं काय चुकलं असेल हो?"

लेकीनं घाईघाईनं तिला सांगितलं की प्रत्येकाची त्वचा निराळी, झोप किती होते, पाणी किती पिता, तेही बघायला हवं. बाईनं मान डोलावली आणि झोप कमीच होते असं कबूल केलं. जाताना एक डबी घेतली. आईला त्या रात्री जेवण गेलं नाही. चारचौघांत मिरवायची हौस आपली होती आणि ती कुणाच्या जिवावर चालली होती ते तिला दिसलं. ती बाई रोज सकाळी आरशापुढं उभी राहून स्वतःला दोष देत होती, आणि कशावरून, तर शिवणकाम करून निवृत्त झालेल्या, तेरा वर्षांनी लहान बाईच्या फोटोवरून.

दुसरी गोष्ट गुरुवारी. तेलवाल्यांनी चहा ओतला आणि कपाची कड पुसली. मग जरा अवघडत म्हणाले, "आजी, तुमच्या ओळखीत कुणी आहे का? साठीच्या आसपासची, एकटी. एकट्याला घास उतरत नाही हो. फार काही नको, गुरुवारी तुमच्याशी बोलतो तसं रोज कुणाशी बोलता आलं तरी पुष्कळ झालं. तुमच्यासारखीच कुणी असली, फक्त माझ्या वयाची, तर बघा."

आईच्या हातात कप होता, तो तिनं खाली ठेवला. बघते, म्हणाली. काठी घेतली, तेलाचा डबा घेतला आणि तेलवाल्यांनी कोपर धरून तिला तीन पायऱ्या उतरवल्या. गल्लीचं वळण येईपर्यंत ती म्हातारीसारखी चालली आणि वळणावर काठी काखेत मारून भराभरा घरी आली.

लेकीला तिनं आडपडदा न ठेवता सांगितलं. मला तेलवाल्यांना माझं खरं वय सांगायचंय. लेकीनं आधी ऐकलं, मग खुर्ची ओढून बसली. तिला राग आला नव्हता, ती घाबरली होती. पुढच्या आठवड्यात औषधांच्या मोठ्या दुकानांच्या साखळीतली खरेदी अधिकारी येणार होती, खास आजींना भेटायला. ते जमलं तर मागच्या दोन खोल्यांतून बाहेर पडता येणार होतं, दोन माणसं कामाला ठेवता येणार होती. "तेवढं होऊ दे आई," लेक म्हणाली. "मग तू म्हणशील तसं. मी स्वतः त्यांच्याकडं येते, हवं तर तुझं लग्न लावून देते." आणि हसली. आईनं हो म्हटलं. लेकीच्या हाताला पातेल्याचा चटका बसलेला होता, त्यावर तिनं काहीही लावलं नव्हतं, तिला वेळच नव्हता. ते आईनं बघितलं आणि हो म्हटलं.

खरेदी अधिकारी आली. तरुण होती, बुटांचा टकटक आवाज करत साऱ्या घरातून फिरली. आईला तिनं निरखून बघितलं, हात हातात घेतला, तुम्ही किती गोड आहात म्हणाली. आईनं खुर्चीतून थांबत थांबत उठून दाखवलं. सगळं जमलं. अधिकारी गेल्यावर लेकीनं आईला घट्ट मिठी मारली आणि मग सांगितलं की खोक्यावर आईचाच फोटो येणार आहे, प्रत्येक खोक्यावर, प्रत्येक दुकानात, वयासकट.

"मग तेलवाल्यांचं?" आईनं विचारलं.

लेक पातेली आवरू लागली. जावई म्हणाले, "आई, थोडे दिवस जाऊ द्या. इतकी वर्षं थांबलात, आता काय घाई आहे?" आईला पहिल्यांदाच जावयांना काहीतरी बोलावंसं वाटलं. थोडे दिवस म्हणजे किती, हे तिला कळलं होतं. खोकी छापली की ती मरेपर्यंत तेरा वर्षांनी पुढंच राहणार होती.

गुरुवारी ती काठी न घेता गेली. तेलवाले नेहमीप्रमाणे बाहेर आले, पण त्यांनी हात पुढं करायच्या आतच ती तीन पायऱ्या चढून वर आली होती. ते हसले, आज तब्येत छान दिसतेय म्हणाले. ती खुर्चीवर बसली नाही.

"मी साठ वर्षांची आहे," ती म्हणाली. "त्र्याहत्तर नाही. ते क्रीमसाठी होतं. तुम्ही विचारलंत ना कुणी आहे का म्हणून. तर मी आहे."

यंत्र चालू होतं. तेलवाल्यांनी ते बंद केलं. खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि ते तिच्याकडं बघू लागले. दोन वर्षांत तिच्याकडं पुष्कळांनी बघितलं होतं आणि तिला त्या नजरेची सवय झाली होती. आधी डोळे मोठे होतात, मग तोंडावर नवल उमटतं. ती त्या नवलाची वाट बघत राहिली. ते आलं नाही. तेलवाल्यांची नजर तिच्या कपाळावरून डोळ्यांच्या कडांवर आली, तिथून ओठांच्या बाजूच्या रेघांवर, तिथून गळ्यावर. आणि त्यांच्या तोंडावर जे उमटलं ती होती दया.

"साठ?" ते म्हणाले, आणि जरा थांबून, अगदी मनापासून म्हणाले, "कष्ट फार झालेले दिसतात तुम्हाला."

वाईट बोलले असते तरी चाललं असतं. ते वाईट बोलले नाहीत. माणूस भला होता, आणि त्या भलेपणाला कुठं धरून भांडावं हे तिला सुचेना. त्र्याहत्तरची असताना ती एक नवल होती. साठीची झाली तशी ती साधी एक बाई झाली, जिचा चेहरा जितका वापरला गेला होता तितकाच जुना दिसत होता. खरं तर दोन्ही वेळा चेहरा तोच होता.

मग तेलवाल्यांना दुसरी गोष्ट आठवली आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. औषधाच्या बाटल्यांची गोष्ट. ते फडक्यानं हात पुसत राहिले, स्वच्छ हात पुन्हा पुन्हा. "मी तुम्हाला सगळं सांगत गेलो," ते म्हणाले. "मोठ्या माणसाला सांगावं तसं. तुम्ही ऐकत होतात आणि तुम्हाला माहीत होतं." तिनं डबा उचलला. त्यांनी तो भरून दिला. ती पायऱ्या उतरली तेव्हा ते आतच उभे होते.

त्यांनी ही गोष्ट मुद्दाम पसरवली नसणार. पण त्यांची वहिनी तेच क्रीम लावायची, तिला त्यांनी सांगितलं, आणि मग व्हायचं ते झालं. बाजारात टेबलासमोर बायका उभ्या राहिल्या आणि आईकडं बघून आपसात बोलू लागल्या. कुणी भांडलं नाही. फक्त आता गर्दी होती ती खात्री करून घ्यायला आलेल्यांची. साठचीच दिसते की, असं एक जण म्हणाली, आणि दुसरी म्हणाली, मला तर जास्तच वाटते. ती उंच बाईही आली. तिनं अर्धी वापरलेली डबी टेबलावर ठेवली. आई तिला काही बोलणार होती, माफ करा असं काहीतरी, पण बाईच्या तोंडावर राग नव्हताच. ती एकदम मोकळी झाल्यासारखी दिसत होती. "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं," एवढं म्हणून ती गेली. त्या सगळ्या दिवसांत आईला बरं वाटलं ते तेवढंच.

घरी लेक दोन दिवस आईशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली, आणि आई घाबरली होती त्याहून फारच शांतपणे बोलली. आईनं धंदा बुडवला असं ती एकदाही म्हणाली नाही. साखळीवाल्यांशी फोन झाला होता. त्यांना फक्त घोटाळा नको होता. क्रीम हवंच होतं. वयाचं खरं खरं छापा, म्हणाले, काहीतरी मार्ग निघेल. मार्ग जावयांनी काढला. जावयांची एक गोष्ट मान्य करायला हवी, ते काही वाया घालवत नाहीत. कोरफडीची सालंसुद्धा कुंड्यांत घालतात.

पंधरा दिवसांनी नवी खोकी आली. त्यांचा ढीग मागच्या खोलीत लागला आणि डब्या भरायला आई बसली. तिनं पहिलं खोकं उलगडलं. त्यावर दोन फोटो होते. उजवीकडं लेक होती, केसांत जरा राखाडी बट सोडलेली, गाल तुकतुकीत, खिडकीशी बसलेली, खांद्यावर तीच शाल. मायलेकींचा तोंडवळा एकच, त्यामुळं बघणाऱ्याला माणूस एकच वाटावं. डावीकडं आई होती. नवा फोटो काढायची गरजच पडली नव्हती. तोच होता, तोच उजेड, तेच किंचित हसू, डोळ्यांच्या कडांच्या त्याच रेघा. फक्त खालची अक्षरं बदलली होती. उजवीकडं लिहिलं होतं: वापरल्यानंतर. आणि डावीकडं: वय साठ, वापरण्यापूर्वी.

आईनं खोक्याच्या चारही घड्या घातल्या, त्यात डबी ठेवली, झाकण खोचलं आणि दुसरं खोकं उलगडलं.

"यात खोटं काही नाही ना आता," दारातून लेक म्हणाली. तिचा आवाज जरा अवघडलेला होता. "वय तुझं खरं आहे. आणि तू वापरत नाहीसच."

आई म्हणाली, नाही, खोटं काही नाही. लेक थोडा वेळ तिथंच घुटमळली. मग तिनं जिन्याखालची चादर ओढून सायकल बाहेर काढली, हवा भरली, फडक्यानं सीट पुसली आणि आता चालवायला काही हरकत नाही म्हणाली. आईचं तिच्यावर प्रेम होतं, म्हणून आईनं थँक्यू म्हटलं.

गुरुवारी तेल आणायचं होतं. जावई आणतो म्हणाले. आईनं मीच जाते म्हटलं. ती सायकलवरून गेली, भर रस्त्यातून, कुणी आजी म्हणून हाक मारली नाही. घाण्यापाशी तिनं सायकल लावली. तेलवाले दारात होते. पहिल्या पायरीवर तिनं पाय ठेवला तसा त्यांचा हात सवयीनं पुढं आला, मधेच थांबला आणि खांद्यावरच्या फडक्याकडं गेला. ती आपली आपण वर आली. पाठीची खुर्ची भिंतीकडं सरकवलेली होती, तिच्यावर रिकामी पोती होती.

गल्ल्याजवळ नवं खोकं पडलं होतं. लेकीनं सगळ्या ओळखीच्यांना एकेक पाठवलं होतं. ते डावी बाजू वर करून पडलं होतं. तेलवाल्यांनी डबा भरला. ते तिला आता आजी म्हणत नव्हते. दुसरंही काही म्हणत नव्हते. जाताना मात्र त्यांनी एक छोटी बाटली कपाटातून काढली, बूच घट्ट केलं आणि तिच्यापुढं धरली. पूर्वीसारखाच भला चेहरा होता त्यांचा.

"गाजराच्या बियांचं आहे," ते म्हणाले. "ताजं. चेहऱ्याला लावत जा रोज. अजून उशीर झालेला नाही."

तिनं बाटली घेतली. हे तेल आपल्याला सोसत नाही, हे ती बोलली नाही. ते सांगायचं तर जवळीक लागते. ती सायकलवरून घरी आली, तेलाचा डबा मागच्या खोलीत ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली.

आरशासमोर ती बराच वेळ उभी होती. त्या चेहऱ्याबद्दल तिची साठ वर्षांत कसलीच तक्रार नव्हती; आज पहिल्यांदाच ती त्याच्याकडं तेलवाल्यांच्या नजरेनं बघत होती. मग तिनं हातमोजे न घालता बूच काढलं, तेल तळहातावर घेतलं आणि लावायला सुरुवात केली, डबीवर लिहिलंय तसं, मानेपासून वर. दोन दिवसांत पुरळ उठणार हे तिला माहीत होतं. तिनं बाटली निम्मी होईपर्यंत लावलं.